पाच पैशांचं जास्तीचं तिकीट

प्रश्न : आजीच्या ट्रंकेत नोव्हेंबर १९७१ अखेरचं एक अंतर्देशीय पत्र सापडलं. छापील तिकिटाशेजारी ५ पैशांचं आणखी एक तिकीट आहे. चित्र कुटुंब नियोजनाचं आणि वर ‘रेफ्युजी रिलीफ’ असा ठसा. ही काय भानगड? लोक हे मनापासून द्यायचे का? हल्ली युद्ध म्हटलं की भावना फक्त मोबाइलच्या डीपीवर दिसतात.
– एक वाचक, कराड

उत्तर : पूर्व पाकिस्तानातून कोटीच्या घरात निर्वासित आले होते. त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबरपासून टपालावर ५ पैशांचा अधिभार बसला. खास तिकीट यायला १ डिसेंबर उजाडला. तोवर हाताशी होतं त्या कुटुंब नियोजनाच्या तिकिटावर ठसा उमटवून काम भागवलं.

मनापासून? छे हो, सक्तीच ती. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका पोस्टात नुकताच चिकटलो होतो. ‘पंधरा पैशांच्या पत्राला वीस?’ हे खिडकीवर दिवसातून दहादा ऐकायचो. पोस्टकार्डाला सूट होती. एक बाई कार्ड घेऊन दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. ‘ते निळंच द्या. कार्ड वाटंत समदी वाचत्यात.’

मनापासूनचं म्हणाल तर १९६५ सालचं. पंतप्रधान शास्त्रीजींनी धान्य वाचवायला सोमवारचं रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. आमच्या वडिलांचा सोमवार आधीपासूनच, दिवसभर उपास आणि रात्री जेवण. आता तेही गेलं. आई म्हणाली, ‘महादेवाला दुपार दिली, देशाला रात्र. माणसानं खायचं कधी?’ वडिलांनी तरी पाळलं, आणि मंगळवारी सकाळी दुप्पट भाकरी खाल्ल्या.

डीपीला मात्र फार हसू नका. ७१ साली आमच्या चौकातही पाकिस्तानच्या अध्यक्षाचा, याह्याखानाचा पुतळा जाळला. जाळणाऱ्यांत ज्याच्या घरचं कोणी सीमेवर आहे असा एकही नव्हता. त्या घरांतली माणसं पोस्टाच्या पायरीवर बसलेली असायची.

आमचा पोस्टमन मोठा समजूतदार. खाकी कपडे गल्लीत शिरले की बायकांच्या पोटात गोळा येतो, हे त्याने ओळखलं होतं. म्हणून तो लांबूनच ओरडायचा, ‘मनिऑर्डर हाय, मनिऑर्डर!’ तार असली की गप्प. पुढे पुढे त्याच्या गप्प राहण्याचीच लोकांना धास्ती बसली. एकदा घसा बसला म्हणून ओरडला नाही, तर अख्ख्या आळीने दारं लावून घेतली.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, बाजारात पेढे वाटले. एका म्हातारीने पेढा हातात घेतला आणि पदराला बांधला. ‘पोराचं पत्र येऊ दे, मग खाते.’ आठवड्याभरात ५६ ए.पी.ओ.चं, म्हणजे लष्करी टपालाचं पत्र आलं. पोस्टमनने पायरीवर बसून वाचून दाखवलं. खुशाल आहे, थंडी फार आहे, म्हशीला विकू नका. मी मागे उभा होतो. वर तारीख २ डिसेंबरची, म्हणजे लढाई सुरू होण्याच्या आदल्या दिवशीची. ती त्याने वाचली नाही. मीही बोललो नाही. म्हातारीने गाठ सोडून पेढा खाल्ला.

दुसरं पत्र संक्रांतीला आलं. ते वाचताना त्याने तारखेपासून सुरुवात केली.