जुन्या लाकडी पाळण्याला बाळासाठी कुठलं पॉलिश सेफ आहे?

तुम्ही विचारलंय की आजोळचा सागवानी पाळणा माळ्यावरून काढलाय, हिरव्या-तांबड्या रंगाचे पोपडे सुटायला लागलेत, बहीण बाळंतपणाला निपाणीला येणार आहे आणि बारशाआधी तो नीट करायचाय तर पॉलिश कुठलं मारावं. मी बेळगावात फर्निचर पॉलिशचंच काम करतो म्हणून सांगतो, पॉलिशचं नंतर बघू, आधी त्या जुन्या रंगाचं बघा, बाळाला धोका असलाच तर त्याचाच जास्त.

एक काम करा. हार्डवेअरच्या दुकानातनं स्पिरिट आणा, त्यात कापसाचा बोळा भिजवून पाळण्याच्या खालच्या अंगाला, जिथं दिसत नाही तिथं, मिनिटभर घासा. बोळा रंगला आणि ती जागा बोटाला चिकट लागली तर ते लाखेचं काम आहे. आपल्याकडं कलघटगीचे पाळणे असायचे की, धारवाड जिल्ह्यातले, कृष्णाची नाहीतर रामायणातली चित्रं काढलेले, ते लाखेच्या रंगातच. तसा असेल तर कृपा करून खरवडू नका आणि त्यावर स्पिरिटचं पॉलिश पण लावू नका, सगळी चित्रं विरघळून एक होतील. मऊ कोरड्या फडक्यानं पुसा, बास. फक्त जुन्या लाखकामात हरताळ, हिंगूळ असले विषारी रंग पण वापरायचे, त्यामुळं पोपडे सुटत असतील तर बारशापुरतं बाळाला त्यात घाला आणि रोज झोपवायला दुसरा बघा.

बोळ्याला काहीच लागलं नाही तर ऑईल पेंट समजा, आणि जुना ऑईल पेंट म्हणजे शिसं असणारच असं धरून चाला. 2017 च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडं घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर चालत नाही, त्याआधीच्या कितीतरी रंगांत ते याच्या अनेक पट असायचं, आणि शिसं मेंदूवर जातं, पोटातल्या बाळाच्या पण. म्हणून बहीण यायच्या आधीच हे काम उरका. मेस्त्री म्हणेल जाळून काढू नाहीतर मशीन लावू, दोन्हीला नको म्हणा, जाळलं की विषारी धूर आणि मशीननं धूळ, ती घरभर बसते. अंगणात प्लास्टिक अंथरून, पाणी मारत मारत वॉटर पेपरनं, म्हणजे ओला चालणाऱ्या पॉलिश पेपरनं, घासायचं, तोंडाला रुमाल नाही, एन-95 मास्क. निघालेला चिखल आणि पोपडे पिशवीत बांधून टाका, परसात नको आणि बंबात तर नकोच नको.

आता पॉलिश. बाळाच्या वस्तूला मी चपडीच वापरतो. चपडी म्हणजे लाखच, औषधाच्या नि चॉकलेटच्या गोळ्यांवर चकाकी आणायला पण तीच असते. अर्धा लिटर स्पिरिटला साधारण 75 ग्रॅम, रात्रभर भिजवा, मलमलीतनं गाळा. बाटलीतलं रेडीमेड नको, त्यात कधी कधी राळ मिसळलेली असते मग ते हाताला चिकटतच राहतं. मलमलीत कापूस बांधून पुरचुंडी करायची आणि पातळ पातळ हात द्यायचे, जाड एकच हात दिला तर वर सुकतं आणि आत ओलं राहतं, दोनेक तासांनी 320 च्या पेपरनं अगदी हलकं घासून पुढचा हात. स्पिरिट उडून जातं आणि मागं नुसती लाख राहते. पण उडेपर्यंत ते विषारी पण आहे आणि भडकन पेटतं पण, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि चूल, देवाची समई जवळ नको. पावसाच्या दिवशी करूच नका, हवेत ओल असली की पांढुरकं धरतं. शू लागून खालची फळी खराब होईल हे खरं, पण घासून परत एक हात दिला की झालं, तोवर रबरी कापड घालत जा.

दुकानदार मेलामाइन पुढं करेल, चकाकी भारी येते, पण त्यातनं फॉर्मल्डिहाइड सुटतं, डोळ्याला झोंबतं, ते पाळण्याला नको. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, पूर्ण मुरलं की चालतं पण हाताला सुकलं म्हणजे मुरलं असं नाही, महिनाभर तरी उघड्यावर ठेवा. घाण्याचं जवसाचं तेल चांगलं, फक्त सुकायला आठवडे घेतं, आणि दुकानातल्या बॉइल्ड तेलात लवकर सुकावं म्हणून घातलेले कोबाल्ट, मँगनीजचे ड्रायर असतात ते घेऊ नका. तेलाची फडकी चुरगाळून ठेवू नका, आपोआप पेटतात, पसरून वाळवा. खोबरेल, शेंगतेल सुकतच नाही, खवट होतं.

आणि चंदगड-खानापूरकडचं कुणीतरी सांगेल वाळवीला काजूच्या टरफलाचं तेल लावा म्हणून, ते छपराच्या वाशांना ठीक आहे, पाळण्याला अजिबात लावू देऊ नका, मोठ्या माणसाची कातडी त्यानं सोलवटते. बोळ्याला काय लागलं ते कळवा, चित्रं असतील तर फोटो टाका, बघून सांगतो.