बस नाशिकची, पण नेमकी कोणाची?

प्रश्न : एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे मग सिटीलिंकमध्ये, म्हणजे आपल्या नाशिकच्या शहर बसमध्ये, पूर्ण का? पूर्वी शहरातल्या बसेस एसटीच्याच होत्या ना, फक्त नाव बदललं की आतलं पण सगळं बदललं? त्र्यंबकला नेहमी जाणं होतं म्हणून विचारते.
– एक वाचक, सातपूर

उत्तर : ताई, सगळंच बदललंय, नाव तर त्यातलं सगळ्यात छोटं. ८ जुलै २०२१ ला सिटीलिंक सुरू झाली, त्याआधी निमाणी, सीबीएस, नाशिकरोड, सिडको सगळीकडे एसटी महामंडळच शहर बस चालवायचं. तोटा होतो म्हणून त्यांनी फेऱ्या कमी करत आणल्या आणि शेवटी महापालिकेने स्वतःची परिवहन कंपनी काढून सेवा हातात घेतली. आता बस आणि ड्रायव्हर ठेकेदाराचे, त्याला किलोमीटरमागे पैसे मिळतात, बस भरलेली असो की रिकामी. तिकिटाचे पैसे पालिकेच्या कंपनीकडे जातात आणि कमी पडले की भार पालिकेवर.

आता तुमचा मुद्दा. महिलांना ५० टक्के सवलत १७ मार्च २०२३ पासून आहे पण ती राज्य सरकारने एसटीच्या बससाठी आणली, तिची भरपाई सरकार एसटीला देतं. ७५ च्या पुढच्यांना फुकट प्रवास २०२२ मध्ये सुरू झाला तोही एसटीतच. पालिकेची बस त्यात आपोआप येत नाही, सिटीलिंकचे पास आणि सवलती वेगळ्या. म्हणून त्र्यंबकच्या रस्त्यावर दोन्ही बसेस धावतात तिथे चढायच्या आधी बघून घ्या, एसटी असेल तर अर्धं, सिटीलिंक असेल तर त्यांचा जो दर असेल तो. कंडक्टरशी वाद घालून उपयोग नाही हो, त्याच्या मशीनमध्ये ते तिकीटच नसतं.

आणि कंडक्टरचंच सांगायचं तर तेही ठेकेदाराकडचे. पगार थकला म्हणून त्यांनी काम बंद केल्याचं नाशिककरांनी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय, आणि स्टॉपवर उभ्या माणसाला कळतच नाही की आता विचारायचं कोणाला. पालिकेला, कंपनीला, की ठेकेदाराला? मला हीच गोष्ट फार खटकते. बसवर ब्रँडचं नाव लांबून दिसेल एवढं मोठं असतं, तसंच ही बस कोण चालवतं आणि तक्रार कुठे करायची हेही दारापाशी मोठ्या मराठी अक्षरात हवं. सिंहस्थाला बाहेरगावचे लाखो लोक येणार, त्यांना तर एसटी कुठली आणि पालिकेची कुठली हे अजिबात समजणार नाही, तेव्हा हे काम आत्ताच व्हायला हवं.

प्रश्न : एशियाड, हिरकणी, शिवशाही, शिवाई... एसटी एवढी नावं का बदलते?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : दरवेळी बदलते असं नाही, बहुतेकदा नव्या दर्जाच्या बसला नवं नाव देते. एशियाड हे नाव दिल्लीच्या १९८२ च्या एशियाड खेळांवरून पडलं, पुढे त्याच निमआराम बसला हिरकणी म्हणायला लागले, रायगडाचा कडा उतरून बाळाकडे गेलेली ती हिरकणी. शिवशाही २०१७ ची, एसी, आणि त्यातल्या बऱ्याच बस सुरुवातीला भाड्याच्या होत्या, म्हणजे ड्रायव्हर मालकाचा आणि कंडक्टर एसटीचा. शिवाई इलेक्ट्रिक, ती १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर काढली कारण १ जून १९४८ ला पहिली एसटी त्याच रस्त्यावर धावली होती. हे मला मनापासून आवडलं. महिलांचं अर्धं तिकीट मात्र या सगळ्यांत चालतं, साध्या लालपरीपासून शिवाईपर्यंत, फक्त राज्याच्या हद्दीत. सुरतकडे जाणार असाल तर हद्दीपुढचे पैसे पूर्ण द्यावे लागतील.