वाचकांचे प्रश्न : विमानाचे अंतर आणि तिकिटावरची वेळ

प्रश्न : आमची मुलगी न्यूयॉर्कला असते आणि आम्ही दोघे प्रथमच तिच्याकडे निघालो आहोत. तिकिटावर मुंबईहून १५ जूनला मध्यरात्रीनंतर १ वाजता निघून त्याच सकाळी ७ वाजता पोहोचण्याची वेळ आहे. परतीचे विमान मात्र सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता मुंबईत उतरते. जाताना सहा तास आणि येताना साडेतेवीस, हे कसे? या दोन विमानतळांमध्ये अंतर तरी किती?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तिकिटावर निघण्याची वेळ तेथल्या आणि पोहोचण्याची वेळ तेथल्या घड्याळाप्रमाणे छापतात, त्यामुळे त्यांची सरळ वजाबाकी करून काही हाती लागत नाही. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते. तेथील सकाळचे ७ म्हणजे सोलापुरात दुपारचे साडेचार, म्हणून आपला जाण्याचा प्रवास साडेपंधरा तासांचा. तेथील सकाळचे साडेअकरा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ९, म्हणून येण्याचा १४ तासांचा. (मुक्काम लांबला, तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून हा फरक साडेदहा तासांचा धरावा, त्या दिवशी अमेरिकेत घड्याळे तासभर मागे घेतात.)

दोन्ही विमानतळांमधले सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे, परंतु ते भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून कळत नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत एक सूत ताणून पाहावे. सुताला सोलापुरात तोटा नाही. पट्टी अरबस्तान आणि सहारावरून जाते, सूत मात्र मध्य आशिया, रशिया असे वर चढत थेट आइसलँडवरून उतरते. विमानाला अर्थातच सुतासारखे जाता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला.

आता उरतो दीड तासाचा फरक, आणि तो वाऱ्याचा आहे. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, विशेषतः मध्य अक्षांशांत, वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा सरासरी ६० धरला, तर जाताना ताशी ८४० ने जवळजवळ १५ तास लागतात, येताना ९६० ने १३; धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उतरणे हे त्यात वेगळे मिळवायचे. वाऱ्याचे हे बळ कमी लेखू नये. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेण्यास सुरुवात केली, तेव्हा वाट हजाराहून अधिक किलोमीटरनी लांबली आणि तरीही सुमारे दोन तास वाचले.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगणे भाग आहे. विमान १५ तारखेचे असले, तरी विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे १४ तारखेच्या रात्री १० वाजता हजर राहायचे आहे. १४ च्या रात्री सोलापुरातून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालात, तर ती १५ च्या सकाळी मुंबईत पोहोचेल आणि तोवर विमान जाऊन काही तास झालेले असतील. आरक्षण १३ च्या रात्रीचे करावे, किंवा १४ च्या सकाळच्या वंदे भारतचे.