मुलांसाठी दिवाळीचा फराळ एअर फ्रायरमध्ये करता येतो का, आणि तो खरोखर हलका होतो का?

आपण लिहिले आहे की घरात ४ आणि ८ वर्षांची दोन मुले आहेत, दिवाळीत ती येता-जाता फराळाच्या डब्यात हात घालतात, आणि म्हणून या वर्षी चकली, करंजी, शंकरपाळी, चिवडा असे सगळेच एअर फ्रायरमध्ये करावे असा आपला विचार आहे. गेली काही वर्षे माझ्याकडे निम्मा फराळ याच यंत्रात होतो, त्या अनुभवावरून सांगते. करंजी आणि शंकरपाळी उत्तम होतात, चकली समजून-उमजून केली तर चांगली होते, शेव आणि अनारसे यांच्या वाटेला मात्र जाऊ नये.

असे का होते हे एकदा लक्षात आले की पाककृती शोधत बसावे लागत नाही. कढईत पदार्थ चहूबाजूंनी तापलेल्या तेलात बुडालेला असतो. पिठातल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडते आणि तिने रिकाम्या केलेल्या जागेत तेल शिरते. तळणीचा खुसखुशीतपणा बराचसा या आत शिरलेल्या तेलाचा असतो. एअर फ्रायर म्हणजे वर तापणारी तार आणि तिच्यामागे जोरात फिरणारा पंखा असलेली लहानशी भट्टी. तिथे पाणी निघून जाते, पण त्याच्या जागी येणारे काही नसते, त्यामुळे पदार्थ कुरकुरीत होण्याऐवजी कडक होण्याकडे झुकतो. म्हणून ज्या पदार्थाच्या पिठातच मोहन असते तो इथे जमतो, आणि ज्याची सारी करामत कढईतल्या तेला-तुपात घडते तो जमत नाही. हलके करायचे म्हणून मोहनही कमी करणे ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि पहिल्या वर्षी मीही तीच केली होती.

करंजीपासून सुरुवात करावी असे मी सुचवेन. पारीसाठी एक वाटी मैदा, पाव वाटी बारीक रवा, चिमूटभर मीठ आणि दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन घ्यावे, पीठ दुधात घट्ट भिजवून अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवावे आणि नंतर चांगले कुटून किंवा मळून घ्यावे. खरी परीक्षा कडांची असते. कढईत करंजी फुटली तर सारण तेलात उतरते आणि तेल गढूळ होते; एअर फ्रायरमध्ये फुटली तर पंख्याच्या वाऱ्याने सारण जाळीभर उडते, साखर तळाशी चिकटते आणि खोबरे जळून त्याचा वास पूर्ण घाण्याला लागतो. माझा एक घाणा असाच वाया गेला, तेव्हापासून मी कडेला दुधाचे बोट फिरवते, आतली हवा दाबून काढते, आणि कातण्याने नुसते कापून न थांबता मुरड घालते. मुरडीची करंजी माझ्याकडे त्यानंतर एकदाही उघडलेली नाही. यंत्र १६० अंशांवर पाच मिनिटे आधी तापवून घ्यावे, करंज्यांना दोन्ही बाजूंनी कुंचल्याने तुपाचा हात लावावा, एकमेकींना न चिकटता त्या मांडाव्यात आणि बारा ते चौदा मिनिटे ठेवाव्यात. आठव्या मिनिटाला उलटाव्यात. रंग तळणीसारखा सर्वत्र सारखा येत नाही. मुरड बदामी होते आणि पोट फिकटच राहते, तेव्हा ती कच्ची आहे असे समजून वेळ वाढवू नये, कारण जास्त ठेवलेली पारी दगडासारखी होते.

सारणाकडे मात्र यंत्र काहीच लक्ष देत नाही. साखर तेवढीच राहते, आणि मुलांच्या बाबतीत मला तेलाइतकीच तिचीही काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले आहे, आणि मध व फळांच्या रसातली साखरही त्यातच मोजली आहे. मी दोन वाट्या भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या किसाला वाटीभर पिठीसाखर न घालता पाऊण वाटी घालते. खसखस आणि वेलची सढळ असली की गोडी कमी झाल्याचे कोणाला जाणवत नाही. करंजीचा आकारही लहान, पुरीपेक्षा छोट्या लाटीचा ठेवते, म्हणजे ‘दोन खाल्ल्या’ हे समाधान मुलाला मिळते आणि पोटात एकाच करंजीइतके जाते.

चकलीला थोडा धीर हवा. दोन वाट्या भाजणीला दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालावे, तिखट, मीठ, तीळ, ओवा नेहमीप्रमाणे घालावा, आणि उकळत्या पाण्यात भिजवलेले पीठ झाकून ठेवून मग मऊ मळावे. कढईत मोहन थोडे जरी जास्त झाले तरी चकली तेलात विरते, म्हणून आपण हात आखडता घेतो. इथे ती विरायला तेलच नसते, त्यामुळे अर्धा चमचा जास्त झाला तरी नुकसान होत नाही, उलट चकली खुसखुशीत होते. पीठ मात्र नेहमीपेक्षा किंचित सैल असावे, कारण वाऱ्याने ते पटकन सुकते आणि सोऱ्यातून पाडलेले वेढे तडकू लागतात. चकल्या बेकिंगच्या कागदाच्या लहान चौकोनांवर पाडाव्यात, वरून तेलाचा हलका हात फिरवावा, आणि १७० अंशांवर दहा मिनिटे झाल्यावर कागद काढून उलट्या करून आणखी पाच-सहा मिनिटे ठेवाव्यात. यंत्र तापवताना आत नुसता कागद कधीही ठेवू नये. तो वाऱ्याने उडून तापलेल्या तारेला लागला तर पेट घेऊ शकतो.

हिशेबही पाहावा. दोन मोठे चमचे तेल म्हणजे साधारण २७ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ किलोकॅलरी धरल्या आणि वीस चकल्या झाल्या, तर मोहनाचे तेल एका चकलीत १२ किलोकॅलरींच्या आसपास येते, आणि वरून लावलेल्या हातामुळे त्यात तीन-चारांची भर पडते. तळणीचे जे तेल आत शिरले असते ते संपूर्ण वाचते. चकलीच्या बाबतीत म्हणूनच ‘हलकी’ हा शब्द खरा ठरतो.

शंकरपाळ्यांच्या बाबतीत तो तितका खरा नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवे. दूध, तूप आणि साखर समसमान घेण्याच्या जुन्या प्रमाणात बहुतेक तूप पिठातच असते, आणि यंत्र ते काढून घेऊ शकत नाही. मी अर्धी वाटी दुधाला पाव वाटी तूप आणि अर्धी वाटी साखर घेते, मावेल तेवढ्या पिठात निम्मी कणीक घालते आणि पोळी किंचित जाड लाटते. चव खारी बिस्किटे आणि शंकरपाळी यांच्या मधली येते, आणि माझ्या मुलीला हीच अधिक आवडते. १५० अंशांवर दहा ते बारा मिनिटे पुरतात. बाहेर काढताना त्या मऊ लागतात, पण गार झाल्यावर कुरकुरीत होतात. दूध-साखरेमुळे रंग झपाट्याने चढतो, म्हणून सातव्या मिनिटापासून डोळा ठेवावा. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजले की त्यांत ॲक्रिलामाइड हे कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेले रसायन तयार होते, हे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवून दिले. रंग जितका गडद तितके ते जास्त, त्यामुळे मुलांचा फराळ बदामी रंगावरच उतरवावा.

पातळ पोह्यांचा चिवडा मुळात भाजका आणि कमी तेलाचा असतो, तो कढईतच करावा. यंत्रात पोहे उडून तारेपर्यंत जातात. शेंगदाणे मात्र तेलाचे दोन थेंब चोळून १६० अंशांवर सात-आठ मिनिटांत सुरेख भाजले जातात. आपल्या ४ वर्षांच्या मुलासाठी चिवडा वेगळा काढून त्यात शेंगदाण्याचे कूट घालावे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो.

अनारशाची जाळी तुपातच पडते, आणि शेवेचे बारीक तार वाऱ्याने सुकून चिवट होतात. हे दोन्ही पदार्थ मी थोडेसेच, कढईत तळते आणि मुलीलाही देते. सणाच्या दिवशी एक अनारसा खाल्ल्याने काही बिघडत नाही.

पहिला घाणा नेहमी दोन-तीन नगांचाच करावा, कारण प्रत्येक यंत्राचे तापमान पाच-दहा अंशांनी इकडे-तिकडे असते. पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये. चौथ्या-पाचव्या दिवशी चकली सादळली तर १५० अंशांवर तीन मिनिटे ठेवून गार होऊ द्यावी. कढईत तळलेली, शेजाऱ्यांकडून आलेली चकलीसुद्धा यात पुन्हा ताजी होते.