झडीतली सायकल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नागपुरात मानेवाड्याहून सिव्हिल लाइन्सला रोज सायकलने जातो. पाऊस सुरू झाला की आठवड्याभरात चेन करकरायला लागते. दर दोन दिवसांनी तेल घालतो, तरी तेच. काय चुकतंय?

तेल घालताय, पण पुसत नाही. नुसत्या पाण्याने चेनचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पाण्यासोबत उडणाऱ्या बारीक रेतीने, आणि सिमेंट रस्त्यांवर तिला तोटा नाही. मळलेल्या ओल्या चेनवर तेल ओतलं की तेल-रेतीचा लगदा तयार होतो आणि तो पिनांना आतून घासत राहतो.

घरी आल्यावर जुन्या बनियनची चिंधी घ्या, तिच्यात चेन धरा आणि पॅडल १५-२० वेळा उलटं फिरवा. हे भिजलेल्या प्रत्येक दिवशी. तेल मात्र झडीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा, तेही चेन कोरडी असताना. प्रत्येक रोलरवर, म्हणजे कडीतल्या फिरत्या नळीवर, एक थेंब टाका. चेनमध्ये साधारण ११० ते ११६ रोलर असतात, म्हणजे तेवढेच थेंब. थोडं फिरवा, १५ मिनिटं थांबा आणि बाहेर दिसणारं सगळं तेल पुसून टाका. तेलाचं काम आत असतं, बाहेरचं फक्त रेती धरतं.

शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, एका झडीत धुऊन जातं. गॅरेजमधलं काळं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण त्यात इंजिनातला धातूचा कीस असतो. गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नव्हे. सायकलच्या दुकानात पावसाळी ल्यूब (चेनचं वंगण) मागा. नाही मिळालं तर नवं इंजिन ऑइल चालेल, मात्र पुसण्यात कुचराई नको.

आवाज तरीही येत असेल तर चेन मोजा. स्टीलची पट्टी लावून एका पिनेच्या मध्यापासून २४ कड्या मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर बरोबर १२ इंच भरतं. १/१६ इंच जास्त भरलं तर चेन बदला. १/८ इंच जास्त असेल तर फ्रीव्हीलचे (मागच्या दातेरी चक्राचे) दातही गेलेत. त्यावर नुसती नवी चेन टाकली तर जोर लावताच ती दातांवरून उडते.

प्रश्न: पावसात ब्रेक दाबला तरी सायकल पुढेच जाते. डिस्क ब्रेकवाली घ्यावी का?

आधी तुमची रिम कशाची आहे ते बघा. चकचकीत स्टीलची असेल तर ओल्यात तिच्यावर रबर जवळपास धरतच नाही. अशा वेळी ब्रेकला दोष देण्यात अर्थ नाही, अ‍ॅल्युमिनियमची चाकं बसवा. अ‍ॅल्युमिनियमची असूनही हेच होत असेल तर रबरं काढा आणि त्यांत रुतलेले खडे व चंदेरी कण सुईने उकरा. रिम ओल्या फडक्याने पुसा, तेलाचा हात लागू देऊ नका. चालवताना थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलका टेकवा. चाकाच्या एक-दोन फेऱ्यांत रिमवरचं पाणी निघून जातं आणि मग ब्रेक धरतो. रिमच्या कडेवर बोटाला खोलगटपणा जाणवला तर ती रिम मोडीत काढा. ती हवेच्या दाबाने फाटू शकते.

डिस्क ओल्यात नक्कीच चांगली. पण चिखलात तिचे पॅड लवकर झिजतात, महिन्यातून एकदा बघावे लागतात.

प्रश्न: रेनकोटमध्ये पावसापेक्षा घामानेच जास्त भिजतो.

भिजणारच. जुलैच्या दमटात, पॅडल मारताना, कुठलाही रेनकोट हरतो. पाच-सहा किलोमीटरचं अंतर असेल तर लवकर वाळणारा टी-शर्ट आणि हाफपँट घालून सरळ भिजत जावं. ऑफिसचे कपडे गुंडाळून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, एकीचं तोंड दुसरीच्या तळाकडे करून ठेवावेत. टॉवेल आणि बूट ऑफिसातच राहू द्या. पायात मागे पट्टा असलेली सँडल घाला. सैल पोंचो नकोच, वाऱ्याने फुगतो आणि चाकात जातो.

प्रश्न: अंडरब्रिजखाली पाणी साचलं की काय करावं? दुसरा रस्ता लांबचा आहे.

लांबच्याच रस्त्याने जा. नरेंद्रनगर असो की लोहापूल, गढूळ पाण्याखाली उघडं मॅनहोल दिसत नाही. पाणी वाहतं असेल तर गुडघ्याच्या खाली असलं तरी त्यात उतरू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा पाणी किती वेगाने चढतं ते शहराने पाहिलं आहे.

पडण्याच्या जागा मात्र बहुधा दुसऱ्याच असतात. सिमेंट रस्ता आणि बाजूचे गट्टू यांच्यामधली पायरी ही त्यातली सगळ्यात वाईट. तिला समांतर राहून वर चढायला गेलं की पुढचं चाक कडेला घासून निसटतं. वेग कमी करा, शक्य तितकं काटकोनात वळून चढा, नाहीतर सरळ उतरा. लोखंडी झाकणं आणि झेब्रा पट्ट्यांवर ना वळा, ना ब्रेक मारा. हवा नेहमीपेक्षा ५ ते १० पीएसआय कमी ठेवा, पण टायरवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली नको.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी गेले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या इमारतीत थांबा, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

प्रश्न: पार्किंगमध्ये पाणी भरलं, सायकल हबपर्यंत (चाकाच्या मध्यापर्यंत) बुडाली होती. धुऊन ठेवली आहे. पुरे का?

नाही. सीट पाइपसकट काढा आणि सायकल उलटी करा, फ्रेममधलं पाणी बाहेर येईल. मग दोन्ही हब आणि पॅडलचा बी.बी. (पॅडलचा आस ज्यात फिरतो तो फ्रेममधला भाग) उघडून घ्या. ग्रीस दुधट दिसलं तर पाणी आत गेलंय. साध्या हबमध्ये मागे दोन्हीकडे ९-९ पाव इंची छर्रे असतात, पुढे १०-१० जरा लहान, ३/१६ इंची. काळे डाग पडलेले छर्रे परत घालू देऊ नका, सगळेच नवे टाका. सीलबंद बी.बी. उघडत नाही. पॅडल फिरवताना खरखर लागली तर तो बदलावाच लागेल. हे आठवडाभरात करा, उशीर झाला तर छऱ्यांसोबत ते ज्यांवर फिरतात ते कोनही जातील.