विचारा की राव: रेसिंगचे ग्लोव्हज

प्रश्न: गेली दोन वर्षं मोहित्यांच्या ट्रॅकवर गो-कार्टिंग करतोय. आता एक जुनी हॅचबॅक घेतलीय, रोलकेजचं, म्हणजे आतल्या पाइपांच्या पिंजऱ्याचं काम चालू आहे, पुढच्या सीझनला हौशी गटात कार रेसला उतरायचं म्हणतोय. कार्टिंगचे ग्लोव्हज आहेत की, ग्रिप तर एक नंबर, तेच कारमध्ये चालतात काय? मित्र म्हणतात उगा पैसे घालवू नको.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: नाही चालत भावा, आणि मित्रांना चहा पाजून गप्प बसव. कार्टचे ग्लोव्हज बनवलेले असतात हात घासला तर वाचावा म्हणून. कार्टला ना बेल्ट ना छप्पर, माणूस उडाला की थेट डांबरावर, आणि पॉवर स्टेअरिंग नसल्यामुळं हाताला फोड येतात ते वेगळंच, म्हणून तळव्याला पॅडिंग आणि बाकी बहुतेक सगळं पॉलिस्टर-नायलॉन. बंद कारमध्ये भीती असते आगीची, कारण बेल्ट सोडवून, खिडकीची नेट काढून, केजमधून बाहेर पडायला वेळ लागतो, आणि त्या वेळात पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. कारच्या ग्लोव्हजला नोमेक्स वापरतात, हा अरामिड जातीचा धागा, तो वितळत नाही, आगीत काळा पडतो, फुगून जाड होतो आणि तेवढा वेळ हात वाचवतो.

२९ नोव्हेंबर २०२० ची बहारीनची फॉर्म्युला वन रेस आठवते काय? रोमां ग्रोजाँची गाडी पहिल्याच लॅपला बॅरियरमध्ये घुसली, दोन तुकडे, आणि हा माणूस जवळजवळ अर्धा मिनिट आगीत होता. बाहेर आला तेव्हा भाजलं होतं ते मुख्यतः दोन्ही हातांच्या मागच्या बाजूला. जगातलं चांगल्यातलं चांगलं सामान अंगावर असून ही गत, मग आपण पॉलिस्टर घालून बसायचं?

घेताना आत शिवलेलं लेबल बघ, एफआयए (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) ८८५६-२०१८ असा नंबर आणि कंपनीचं नाव पाहिजे. त्याआधीचा ८८५६-२००० पण दिसेल, सेकंडहँड मिळाला तर तो तुझ्या स्पर्धेत चालतो का ते त्यांच्या नियमावलीत बघूनच पैसे दे. अमेरिकन मालावर एसएफआय ३.३/५ हा तिकडचा सुरक्षेचा नंबर असतो, त्याचंही तेच, आधी विचार. आणि ऑनलाइन ‘रेसिंग स्टाइल’ लिहिलेलं दिसलं की पुढं सरक, स्टाइल आगीत कामाला येत नाही.

आता साइझ, इथं मी स्वतः मार खाल्लाय. पहिले ग्लोव्हज घेतले ते एक नंबर मोठे, म्हटलं वापरून बसतील. बोटांच्या टोकाला अर्धा इंच कापड रिकामं, आणि एका टाइट वळणावर तेच वायपरच्या दांडीत अडकलं, भर उन्हात वायपर सुरू! मार्शल हसत होता. तर अंगठा सोडून चार बोटांच्या सांध्यांवरून टेप फिरवून माप घे, कंपनीचा चार्ट बघ, आणि घातल्यावर बोटाच्या टोकाला रिकामं कापड नको. मग कळशीचा काठ नाहीतर घरच्या गाडीचं स्टेअरिंग पाच मिनिटं धरून बस. ग्लोव्हज काढल्यावर बोटांवर शिलाईचे लाल वळ दिसले तर बाहेरच्या शिलाईवाले घे, बघायला ओबडधोबड वाटतात पण आत काही टोचत नाही. मनगटाचा भाग लांब पाहिजे, सूटची बाही आणि ग्लोव्हज यांच्यात उघडी कातडी दिसली तर स्क्रूटिनीला, म्हणजे रेसआधीच्या तपासणीलाच अडवतील.

तळवा स्वेड लेदरचा का सिलिकॉनचा, यावर कट्ट्यावर भांडणं होतात. माझं मत सांगतो: गुळगुळीत स्टेअरिंगला सिलिकॉन बेस्ट, पण झिजतं. स्वेड हळूहळू हाताला बसतं, आणि ऑटोक्रॉसला (वळणावळणाच्या छोट्या ट्रॅकवर घड्याळाशी शर्यत) जिथं स्टेअरिंग हातातून सरकू द्यावं लागतं तिथं मला तेच बरं वाटतं. पैलवान हाताला तांबडी माती चोळून मगच भिडतो, घामानं पकड सुटू नये म्हणून, ग्लोव्हजच्या तळव्याचं काम तेवढंच. पकड घट्ट लागते म्हणून तू स्टेअरिंग आवळत असशील तर दोष ग्लोव्हजचा नाही. गंगावेशीत म्हशीची धार काढणाऱ्याचा हात बघ, तेवढाच जोर.

प्रश्न: आपल्या कोल्हापुरी चप्पल बनवणाऱ्याकडून लेदरचे ड्रायव्हिंग ग्लोव्हज शिवून घेतले तर? लोकल पण आणि भारी पण.
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर: आयडियाला सलाम, पण ते पन्हाळ्याच्या घाटात रविवारी फिरायला. चपलेचं कातडं हिरडा-बाभळीत कमावलेलं, जाड आणि कडक, बोटं वाकणार कशी? ग्लोव्हजला बकऱ्याचं पातळ मऊ कातडं लागतं. ते मिळालं तरी नुसतं लेदर आगीच्या धगीनं आक्रसतं आणि साधा नायलॉनचा दोरा वितळून शिलाईच उसवते. रेसला नको.

प्रश्न: आईनं माझे नोमेक्सचे ग्लोव्हज वॉशिंग मशीनमध्ये टाकले, कडक झालेत. गेले काय?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: तळवा लेदरचा असेल तर भिजून कडक होणारच, हातात घालून मुठी वळत बस, बरेचसे मऊ होतील. मशीनमध्ये ब्लीच पडलं होतं का ते आईला विचार, पडलं असेल तर रेसला वापरू नको. पुढच्या वेळी गार पाण्यात सौम्य साबणानं हातानं धू, सॉफ्टनर नको, पिळू नको, आणि गच्चीवर कडक उन्हात तर अजिबात नको, उन्हानं हा धागा कमजोर होतो. सावलीत वाळव. आणि ते घालून बॉनेटखाली हात घालत असशील तर आजपासून बंद, पेट्रोल-ऑइल मुरलेला नोमेक्स पण पेटतो. त्या कामाला हार्डवेअरच्या दुकानातले स्वस्तातले वेगळे ठेव.