गिझरमधून पाणी गळते आहे. दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

आपल्या पंधरा लिटरच्या विजेच्या गिझरखाली पाणी साचते, मेकॅनिक ‘टाकी गेली’ म्हणतो आणि शेजारी वेल्डिंग करून घ्या म्हणतात, तर काय करावे, असे आपण विचारले आहे. टाकीलाच भोक पडले असेल तर नवा घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेने टाकीच्या आतील काचेचा लेप जळतो आणि तिथूनच पुन्हा गंज धरतो. मात्र टाकी खरोखर गेली आहे, हे मेकॅनिकच्या नुसत्या शब्दावर मानू नका. एमसीबी (बोर्डातील गिझरचा वीजप्रवाह तोडणारी कळ) बंद करा, गिझर बाहेरून कोरडा पुसा आणि टॉर्च लावून पाणी नेमके कुठून उतरते ते पाहा. पाईपच्या जोडावर थेंब दिसला तर वॉशर आणि टेफलॉन टेपचे काम आहे. एलिमेंटच्या, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कांडीच्या, प्लेटभोवती ओल असेल तर गॅस्केट (तिथली रबरी चकती) बदलावे लागेल. पत्र्याच्या सांध्यातून तांबूस पाणी झिरपत असेल तर मेकॅनिक खरे बोलतो आहे. परंतु पाणी तापत असतानाच, आणि तेही थंड पाण्याच्या बाजूला बसवलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून, थेंब येत असतील तर तो बिघाड नव्हेच. हे मी ठासून लिहिते आहे, कारण याच थेंबांवरून आमच्या घरात जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

आम्ही सोलापूरचे. नळाला पाणी काही दिवसांआड येते आणि एरवी बोअरवर भागवावे लागते, त्यामुळे कुठेही ठिबकणारे पाणी दिसले की घरातल्या वडीलधाऱ्यांचा जीव वरखाली होतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. नवा गिझर बसवल्यावर रोज सकाळी व्हॉल्व्हमधून थेंब पडू लागले, तेव्हा माझ्या थोरल्या दिरांनी प्लंबरला बोलावले. त्याने व्हॉल्व्हच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकली, वरून एम-सील लिंपले आणि ‘आता एक थेंब येणार नाही’ असे सांगून तो गेला. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. वीस अंशांचे पाणी सत्तर अंशांपर्यंत तापले की ते सुमारे दोन टक्के फुगते, म्हणजे पंधरा लिटरमागे पाव लिटरहून थोडे अधिक पाणी जास्तीचे होते. व्हॉल्व्हमधली एकेरी झडप ते मागे पाईपमध्ये जाऊ देत नाही, आणि नळ बंद असताना त्याला बाहेर पडायला ते बारीक तोंड एवढीच वाट असते, हे मी त्यांना गिझरसोबत आलेली पुस्तिका समोर ठेवून समजावले. ‘पुस्तकातले पुस्तकात राहू दे, पाणी वाचले ना?’ असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

पुढच्या हिवाळ्यात गिझरच्या खालच्या झाकणाभोवती गंजाची तांबडी रेघ उमटली आणि मग पाणी धारेने येऊ लागले. फिटरने प्लेट उघडली तेव्हा गॅस्केट एका बाजूने बाहेर ढकललेले होते, आणि टाकीच्या सांध्याजवळचा निळसर लेप तडकून त्याच्या खपल्या गाळासोबत बादलीत पडल्या. दर वेळी पाणी तापताना टाकी आतून ताणली जात होती आणि हा ताण तो ठिसूळ लेप सोसू शकला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दीर आजही, घरात चार पाहुणे जमले की, ‘कंपनीने माल हलका दिला’ असेच सांगतात. माल हलका नव्हता. माणसाने बुजवलेल्या तोंडाचा दोष लोखंडावर ढकलणे मला पटत नाही.

आणि हे टाकी गळण्यावरच थांबले, हे आमचे नशीब. खुंटी ठोकलेल्या गिझरचा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) अडकला आणि तो चुकला तर वीज तोडणाऱ्या कटआउटनेही दगा दिला असता, तर पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या पुढे तापत गेले असते. अशी टाकी फुटली की त्यातील काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा घेते. ज्या प्लंबरला हे ठाऊक नाही, त्याला गिझरला हात लावू देऊ नये. थेंबांचा त्रासच होत असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाला एक नळी जोडून तिचे दुसरे टोक मोरीत किंवा बादलीत उघडे सोडावे. बादलीत सोडले तर पाणीही वाया जात नाही.

आता काही गोष्टी न्यायाने सांगायला हव्यात. आमच्या गिझरचा मॅग्नेशियमचा ॲनोड रॉडही (स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवणारी कांडी) झिजून नुसती तार उरली होती, म्हणजे बोअरच्या जड पाण्याचाही त्यात वाटा होता. आपल्याकडे असेच पाणी असेल तर वर्षा-दोन वर्षांनी रॉड काढून पाहायला सांगा, कारण न सांगता तो कोणी उघडत नाही. गिझर थंड असतानाही व्हॉल्व्ह सतत गळत असेल तर आत कचरा अडकलेला असतो किंवा इमारतीच्या प्रेशर पंपाचा दाब जास्त असतो, आणि तेव्हा मात्र व्हॉल्व्ह किंवा दाब तपासून घ्यावा लागतो. गळका गिझर चालू ठेवून आंघोळ करू नका. अर्थिंग नीट नसेल तर ओल्या पत्र्यातून झटका बसू शकतो. हे सर्व विजेवरच्या, पाणी साठवणाऱ्या गिझरला लागू आहे. गॅस गिझरचे धोके निराळे आहेत आणि त्यासाठी हे उत्तर वापरू नये.